सिंधु सिस्टरांची एका दिवसाची रजा

माझं नाव मृत्युंजय. आमच्या लिंगायत घरांत हे नाव मुबलक सापडतं, आणि नाव ठेवताना पोराला पुढं कोणती नोकरी लागेल याचा कुणी विचार करत नाही. मी सरकारी दवाखान्यात गोळ्या वाटतो. हुद्दा औषध निर्माण अधिकारी, पण तेवीस वर्षांत एकही औषध निर्माण केलेलं नाही. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, चिठ्ठी बघायची, पाकिटं सरकवायची आणि 'सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर' म्हणायचं. सगळे मला अप्पा म्हणतात. दवाखान्याचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या आसपास आहे एवढंच सांगतो. नाव घातलं की लोक गावाला शिव्या देतात आणि माणसं मोकळी सुटतात. मला त्यातल्या एकाला मोकळं सोडायचं नाही.

सिंधु सिस्टर आमच्याकडे बाळंतपणाच्या खोलीत होत्या. माहेर-सासर दोन्ही रेणापूर तालुक्यातलं, शेतकरी घर. नवरा बजरंगराव एसटीत कंडक्टर. बाई ठेंगणी, आवाज मोठा, चाल अशी की व्हरांड्यात चपलांच्या आवाजावरून कळायचं, सिस्टर आल्या. कळा देणाऱ्या बाईला त्या नावानं हाक मारायच्या, तिच्या माहेरचं गाव विचारायच्या, आणि गाव ओळखीचं निघालं नाही तरी ओळखीचं काढायच्या. "तुझ्या गावात आमच्या मावशीची नणंद हाय की! आता जोर लाव, न्हाईतर तिला सांगीन." बाई रडता रडता हसायची आणि पोर बाहेर यायचं.

मग लोकांत बोलणं सुरू झालं की सिंधुबाईंना हातगुण आहे. आमच्याकडे या हातगुणावर माणसाचा फार जीव. एकाच कंपनीचं तेच इंजेक्शन दोघांनी दिलं तरी एकाचं लागू पडतं आणि दुसऱ्याचं पडत नाही, असं छातीठोक सांगणारे पदवीधर मी पाहिले आहेत. सिंधुबाईंच्या हातचं पोर रडतच बाहेर येतं, त्यांच्या हातची बाळंतीण दुसऱ्या दिवशी चालायला लागते, असं वाड्यावाड्यांवर पसरलं. बारशाला पोराला पहिल्यांदा पाळण्यात घालायचा मान त्यांना मिळायला लागला. आजूबाजूच्या वाड्यांत त्यांचंच नाव ठेवलेल्या सात-आठ सिंधु तरी सहज सापडतील. एका शाळेत पहिलीच्या वर्गात तिघी होत्या, मास्तर वैतागून त्यांना गावाच्या नावानं हाका मारायचा.

आणि खरं सांगतो, यात डंका वाजवणारा मीही होतो. दवाखान्यातल्या तीन सिस्टरांच्या ड्युटीचा तक्ता माझ्या खिडकीशेजारी चिकटवलेला असायचा, कारण मोठ्या सिस्टरांच्या, म्हणजे सगळ्यांवरच्या इन्चार्ज बाईंच्या, खोलीची भिंत ओल धरायची. लोक मला विचारायचे, "अप्पा, सिंधुबाईंची ड्युटी कधी हाय?" मी तक्त्यावर बोट ठेवून सांगायचो. कधीकधी न विचारताही सांगायचो. तीनशे माणसं दिवसाला चिठ्ठ्या सरकवतात, त्यात कुणी आपल्याला काही माहीत आहे असं समजून विचारलं की बरं वाटतं. तेवढाच माझा भाव.

परिणाम असा झाला की लोक ड्युटी बघून बाळंतीण आणायला लागले. दुपारी दोनला सिस्टरांची पाळी असली की दीडला फाटकावर जीपा. घरी कळा सुरू झाल्या तरी सासू म्हणायची, जरा दम धर, बाई आल्यावर जाऊ. सिस्टरांना हे कळलं तेव्हा त्या फाटकावर उभं राहून ओरडल्या होत्या. "माझ्यासाठी कुणी थांबायचं न्हाई! कळा माझी ड्युटी बघून येत न्हाईत!" लोक हसले. बाई किती साधी, किती मोठेपणा नको तिला, म्हणून घरी जाऊन सांगितलं.

आता सिस्टरांच्या सातपैकी चार जागा रिकाम्या. उरलेल्या तिघींतली एक सारखी आजारी. सुट्टीच्या दिवशी सिंधु सिस्टरांना फोन जायचा. डॉक्टरसाहेब चांगले माणूस, पण तेही म्हणायचे, "सिस्टर, नातेवाईक ऐकत नाहीत, दहा मिनिटं येऊन जा." दहा मिनिटं म्हणजे सहा तास. ओले केस तसेच बांधून त्या यायच्या. चौदा महिने झाले, त्यांनी एक पूर्ण दिवस घरी काढला नव्हता. हे मी नंतर हजेरीपुस्तकात मोजलं. तेव्हा मोजलं नाही.

मधे लातूरला 'कर्मचाऱ्यांचे ताणतणाव व्यवस्थापन' नावाची कार्यशाळा झाली. ठेवली रविवारी, म्हणजे ज्याला सुट्टी असेल त्याची तीही जावी. एक गोरेगोमटे वक्ते आले, दीर्घ श्वास घ्या म्हणाले, डोळे मिटा म्हणाले. सिस्टरांनी डोळे मिटले आणि त्या खुर्चीतच झोपी गेल्या. तोंड उघडं, मान एका बाजूला. कुणीतरी फोटो काढून दवाखान्याच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांनी हसणारी तोंडं चिकटवली. मीही एक चिकटवलं.

त्यानंतर एकदा खिडकीवर आल्या. गर्दी नव्हती. म्हणाल्या, "अप्पा, झोप लागंल असं काही हाय का तुमच्याकडं? पडून राहते नुसती. डोळा लागला की कुणीतरी हाक मारल्यावानी होतंय."

मी म्हणालो, "तुम्हाला आणि झोपंची गोळी? कार्यशाळेत बघितलं की आम्ही."

त्या हसल्या नाहीत. "चिठ्ठी आणते डॉक्टरांची," म्हणाल्या आणि गेल्या. चिठ्ठी काही आली नाही. त्याच सुमाराला शिवकांता सिस्टर मला म्हणाली, "अप्पा, सिंधुताई आता बायांना नावानं बोलवत न्हाईत. तीन नंबर, पाच नंबर म्हणतात. काल नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभ्याच होत्या. मी पाणी बंद केलं तवा माझ्याकडं अनोळखी माणसासारखं बघितलं." शिवकांता त्या तिघींतली तिसरी. कंत्राटी, वयानं लहान, पण सहा वर्षांचा हात. काम नीटनेटकं. फक्त तिच्या नावाचं बारसं कुणी घातलं नव्हतं. मी तिला म्हणालो, "वय झालं की होतंय तसं." सिस्टर तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या.

फेब्रुवारीत त्यांनी रजेचा अर्ज दिला. एक दिवस, मंगळवार. कारण: किल्लारी येथे चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न. थकले म्हणून रजा मागितली असती तर साहेबांनी समजूत घालून परत पाठवलं असतं. लग्नाला मात्र कुणी नाही म्हणत नाही.

त्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला खिडकीवर ग्यानोबा आले. जवळच्या एका वाडीचे, पासष्टीचे, पांढरी टोपी, बोलणं सावकाश. बीपीच्या गोळ्यांना महिन्याला येणारे, त्यामुळे ओळख होती.

"अप्पा, बाई हायत का आज?"

मी पाकिटं मोजत होतो. मान वर न करता म्हणालो, "न्हाईत. रजेवर हायत. उद्या सकाळी आठला येतील."

"आठला? नक्की ना?"

"घड्याळ लावून घ्या," मी म्हणालो.

ग्यानोबा हसले. "बरं. उद्याच येतो मग."

कशाला आला होतात, हे मी विचारलं नाही. एवढा एक प्रश्न होता. खिडकीच्या जाळीतून फाटक दिसतं. एक जीप वळताना दिसली. मागच्या बाजूला कुणीतरी बाई अंगावर चादर घेऊन बसली होती, तिच्या शेजारी एक म्हातारी. जीप वळली, धूळ उडाली, आणि मी पुढच्या चिठ्ठीकडे बघितलं. फाटकापासून बाळंतपणाची खोली तीस पावलांवर आहे. त्या खोलीत त्या वेळी शिवकांता सिस्टर रिकामी बसून रजिस्टरांवर रेघा ओढत होती. डॉक्टरही होते.

जीपमधली बाई ग्यानोबांची सून, तनुजा. पहिली खेप. कळा सकाळपासून होत्या पण बारीक होत्या. पहिलटकरणीला वेळ लागतोच, उद्यापर्यंत निघंल, असं म्हातारी म्हणाली. रात्रीतून कळा वाढल्या तरी घरच्यांनी धीर धरला. आठ वाजायचे होते ना.

बुधवारी सकाळी सिस्टर पावणेआठला आल्या. खिडकी उघडत होतो, तर माझ्याकडे बघून हसल्या. चेहरा उजळला होता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली होती. "काय मग, लग्नात लई जेवलात वाटतं," मी म्हणालो. "हाव की, पोट भरून," म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चपलांचा जुना आवाज व्हरांड्यात ऐकू आला.

आठ वाजून दहा मिनिटांनी जीप आली.

आतलं मी पाहिलं नाही, शिवकांतानं सांगितलं. तनुजाच्या अंगात त्राण नव्हतं. पोराचे ठोके लागत होते, पण अगदी मंद. लातूरला हलवायला वेळ उरला नव्हता. साडेआठला बाळंतपण झालं. मुलगा होता, चांगला वजनाचा, निळा पडलेला. सिस्टरांनी रबरी पिशवी दाबून श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, थांबा आता. त्या थांबल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी त्यांचा हात धरला.

तनुजा वाचली. ग्यानोबा व्हरांड्यात उभे होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, काचा फुटणार. तसं झालेलं मी पूर्वी पाहिलं आहे. फुटल्या असत्या तर बरं झालं असतं. ग्यानोबांनी टोपी काढली, सिस्टरांपुढं हात जोडले आणि म्हणाले, "तुमचा काय दोष बाई. तुमचीच वाट बघून राहिलो व्हतो. काल तुम्ही असता तर पोरगं जगलं असतं."

मी खिडकीमागे उभा होतो. मनात पहिला विचार आला तो असा की म्हातारा माझं नाव घेतो की काय.

महिन्याभरानं जिल्ह्याच्या कार्यालयातून चौकशीला तिघे आले. गाडीतून उतरले, चहा घेतला, एकेकाला बोलावलं. प्रसूतीसाठी विलंबाने दाखल होण्याचे कारण काय, आणि नातेवाइकांना विशिष्ट परिचारिकेच्या ड्युटीची माहिती कोणी पुरवली, हे त्यांना हवं होतं. ग्यानोबांनी 'बाईंसाठी थांबलो' एवढंच सांगितलं. माझं नाव त्यांना कदाचित महत्त्वाचंच वाटलं नसेल. माझी पाळी आली. मी लिहिलं, 'सदर प्रकाराबाबत मला काहीही माहिती नाही.' खाली सही केली, शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला.

सिस्टरांनी काय लिहिलं ते मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर मला दिसलं. 'माझ्या ड्युटीची वेळ नातेवाइकांना मीच सांगितली होती.' मला वाटलं, त्यांना खरं माहीत नाही, घाबरून काहीतरी लिहिलं. असं वाटणं माझ्या सोयीचं होतं. त्यांना लेखी ताकीद मिळाली. तक्ता खिडकीजवळून काढून आत लावला गेला. झालं, चौकशी संपली.

खरा कहर पुढं झाला. ते पोर गेल्यावर लोकांचा हातगुणावरचा विश्वास उडेल असं मला वाटलं होतं. उलट झालं. बाई एक दिवस नव्हत्या आणि पोर गेलं, मग बघा हाताला किती गुण असेल, असं वाड्यावाड्यांवर सांगितलं जाऊ लागलं. एका मेलेल्या पोरावर सिस्टरांची कीर्ती दुप्पट झाली. लोक त्यांच्या घरी जाऊन बसायला लागले. आणि त्यांनी नाही म्हणणंच बंद केलं. रजा नाही, सुट्टी नाही. फोन सतत हातात. वजन उतरलं, आवाज उतरला. ड्युटी नसतानाही दवाखान्यात येऊन बाकावर बसायच्या आणि फाटकाकडे बघत राहायच्या. जाता-येता माझ्या खिडकीपाशी क्षणभर थांबायच्या. मी म्हणायचो, "काय सिस्टर, काही पाहिजे?" त्या मान हलवून पुढं जायच्या. आठ महिने असं चाललं.

ऑक्टोबरात एका बाळंतपणात त्यांच्या हातातून कात्री पडली. कुणाला काही झालं नाही. त्यांनी दुसरी घेतली, नाळ कापली, पोर आईजवळ दिलं, बाहेर आल्या आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. बावीस वर्षांची नोकरी. निरोप समारंभात शाल, नारळ, भाषणं. डॉक्टर म्हणाले, सिस्टरांची पोकळी भरून निघणार नाही. ते खरं होतं, कारण भरती बंद होती.

दुपारी त्या पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेल्या. मी खिडकी बंद केली आणि मागोमाग गेलो. लातूरच्या गाडीच्या फलाटावर सिमेंटच्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. ग्यानोबा माझ्याकडं आले होते, मी आठ वाजता म्हणालो, मी घड्याळ लावा म्हणालो, मी जीप वळताना बघितली.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तनुजानं त्याच दिवशी सांगितलं. मामंजी खिडकीवर विचारून आले म्हणली."

"मग चौकशीत सांगितलं कामून न्हाई?"

त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "अप्पा, त्या दिवशी लग्न नव्हतं. किल्लारीला न्हाई गेले मी. दाराला आतून कडी लावली, फोन बंद केला आणि झोपले. सकाळपासून पार पाच वाजेपर्यंत. मधी पाणी प्यायलासुदिक उठले न्हाई. चार वाजता जीप फाटकावर व्हती आणि मी झोपले व्हते. हे कुणाला सांगणार? तुमचं नाव घेतलं असतं तरी मी झोपलेलीच व्हते की."

"झोपणं काय गुन्हा हाय का सिस्टर?" मी म्हणालो. माझा आवाज चढला. "चौदा महिन्यांनी एक दिवस झोपलात! तुमचा काय दोष त्यात? सांगणारा मी, परत नेणारे ते!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. राग असता तर मला सोसला असता.

"हे तवा का न्हाई म्हणालात, अप्पा?" त्या म्हणाल्या. "आठ महिने तुमच्या खिडकीपाशी थांबत व्हते मी. एवढं एकच वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून."

गाडी लागली. मी पिशवी उचलायला हात पुढं केला, पण त्यांनी स्वतःच उचलली.

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. माझा आधीचा जबाब खोटा आहे, वेळ मी सांगितली, परिचारिकेचा दोष नाही, ताकीद मागे घ्यावी. दोन महिन्यांनी तीन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण निकाली निघालेले असून त्यावर पुनर्विचार करता येत नाही. खोटा जबाब का दिला, हे मला साधं विचारलंही नाही. आता खिडकीवर कुणी सिस्टरचं नाव घेऊन विचारलं की मी उठतो, बाहेर येतो आणि त्यांना हाताला धरून शिवकांताच्या खोलीपर्यंत पोचवतो. रांगेतले लोक ओरडतात. ओरडू देतो.

माझ्या पत्राची नक्कल घेऊन जानेवारीत रेणापूरला त्यांच्या घरी गेलो. उत्तराचा कागद मुद्दाम नेला नाही. दुपारचे दोन झाले असतील. बजरंगराव ओसरीवर तूर निवडत बसले होते. हळू आवाजात म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. उठवू का?"

"नका नका, झोपू द्या," मी म्हणालो.

"लई वेळ न्हाई झोपत. घटकाभरानं दचकून उठती."

मी कागद त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो न वाचता तुरीच्या डब्याखाली सरकवला. पाणी प्यालो. निघायला म्हणून उठलो तर बाकडं जरा वाजलं. तेवढ्यानं आत काहीतरी हललं, आणि झोपेतला तो आवाज आला, पूर्वीसारखा मोठा.

"कोण हाय? जीप आली का?"

बजरंगराव तूर निवडायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"न्हाई सिस्टर," मी दाराशी जाऊन म्हणालो. "कुणी न्हाई आलं. झोपा तुम्ही."